पंधरा-तीस-पाचची गोष्ट

मोटार विम्याच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर तिरक्या रेघांनी वेगळे केलेले तीन आकडे असतात. आपल्या न्यू जर्सीत पन्नास वर्षे कायद्याला चालणारे सर्वांत लहान आकडे होते १५/३०/५. त्यांचा अर्थ असा : आपल्या चुकीने अपघात झाला आणि एका माणसाला इजा झाली, तर विमा कंपनी त्याला जास्तीत जास्त १५,००० डॉलर देईल. अनेकांना इजा झाली, तर सगळ्यांना मिळून ३०,०००. आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे, म्हणजे बहुधा त्याच्या गाडीचे, नुकसान झाले तर ५,०००. त्यापुढचे देणे कंपनीचे नाही, आपले.

आपल्या मंडळातल्या घरांत दर उन्हाळ्यात एक प्रसंग ठरलेला असतो. मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची होते, परवाना हाती येतो आणि दारात एक जुनी सिव्हिक नाहीतर कॉरोला उभी राहते. चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते. मग विम्याचा विषय येतो आणि हप्त्याचा आकडा ऐकून वडील म्हणतात, “पाच हजारांची गाडी, तिला एवढा विमा कशाला? कायद्यापुरता घेऊ आणि मोकळे होऊ.”

हा हिशेब वरवर चोख वाटतो. पण त्यात ‘कायद्यापुरता’ हा शब्द फसवा आहे. कायद्याने ठरवलेली रक्कम म्हणजे कोणीतरी जाणत्याने विचार करून ठरवलेली पुरेशी रक्कम, असे आपण धरून चालतो. ती कशी ठरली आणि का तशीच राहिली हे पाहिले, की हा समज टिकत नाही. इतिहास शिकवण्यात माझी चाळीस वर्षे गेली. विमा विकणे माझे काम नाही. पण या तीन आकड्यांइतका घरोघरी पोहोचलेला आणि तरीही न वाचला जाणारा ऐतिहासिक दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही.

घोडा बुजला तर

मोटार विमा सुरू झाला तेव्हा मोटार हीच नवलाची वस्तू होती. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या मोटार पॉलिसी हार्टफर्डच्या ट्रॅव्हलर्स कंपनीने १८९७ आणि १८९८ मध्ये दिल्या. पहिला मान मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डच्या एका गाडी बनवणाऱ्याचा, की न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोच्या एका डॉक्टरांचा, यावर दोन दावे आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या पॉलिसींचा भर मालकाच्या गाडीवर नव्हता. रस्त्यावर सगळीकडे घोडे. या धडधडणाऱ्या यंत्राला पाहून एखादा घोडा बुजला, उधळला आणि कोणी जखमी झाले, तर त्या माणसाच्या दाव्यापासून मालकाला वाचवायचे, हा त्यांचा हेतू. घोडागाडीवाल्यांच्या पॉलिसीचा साचाच या नव्या वाहनाला लावला गेला होता.

म्हणजे मोटार विमा जन्मला तो ‘माझ्या गाडीचे काय होईल’ या प्रश्नातून नव्हे, ‘माझी गाडी दुसऱ्याचे काय करील’ या प्रश्नातून. हे मूळ लक्षात ठेवले की पुढचे बरेच कोडे सुटते. गाडी पाच हजारांची आहे की पन्नास हजारांची, याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. जुन्या कॉरोलाची धडक नव्या मर्सिडीजच्या धडकेपेक्षा स्वस्त पडत नाही.

ती भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. १३ सप्टेंबर १८९९ रोजी न्यू यॉर्कमध्ये सेंट्रल पार्क वेस्ट आणि ७४ व्या रस्त्याच्या नाक्यावर हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्रॉलीतून उतरले आणि विजेवर चालणाऱ्या एका टॅक्सीखाली आले. दुसऱ्या दिवशी ते वारले. मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू झाल्याची अमेरिकेतली ही पहिली नोंद मानली जाते. टॅक्सीचालकावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. त्या नाक्यावर आज ब्लिस यांच्या नावाची पाटी आहे.

वरातीमागून घोडे

१९०० साली सगळ्या अमेरिकेत मिळून नोंदलेल्या मोटारी होत्या सुमारे ८,०००. १९२७ पर्यंत हा आकडा दोन कोटींच्या पलीकडे गेला. याचे मोठे कारण फोर्डची मॉडेल टी. १९०८ मध्ये ती ८५० डॉलरांना निघाली आणि १९२५ च्या सुमारास तिचा साधा नमुना तीनशेच्या आत मिळू लागला. त्यात हप्त्यांनी गाडी घेण्याची सोय झाली. शेतकरी, गिरणीकामगार, दुकानातला कारकून, सगळे गाडीवाले झाले.

पण गाडी परवडणे वेगळे आणि गाडीने केलेले नुकसान भरून देणे परवडणे वेगळे. १९२० च्या दशकाच्या मध्यावर दरवर्षी वीस हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती. जखमी किती, त्याला गणतीच नाही. जखमी माणूस कोर्टात जाई, जिंके आणि मग कळे की ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याच्याकडे त्या मोडक्या फोर्डशिवाय काहीच नाही. हुकूमनामा कागदावर राही. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला आणि हातात एक शिक्का मारलेला कागद.

यावर पहिला उपाय काढला कनेक्टिकटने. १९२५ मध्ये झालेला त्यांचा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. अपघात करणाऱ्याने, यापुढे नुकसान भरून देण्याची आपली ऐपत आहे, याचा पुरावा द्यावा, असा त्याचा आशय. विमा हा त्या पुराव्याचा एक प्रकार. पण पुरावा मागायचा तो अपघात झाल्यावर. पहिल्या अपघातात जो सापडला त्याचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. आपल्याकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात. अमेरिकन टीकाकारांनी त्याची तुलना पाळीव कुत्र्याविषयीच्या जुन्या नियमाशी केली. त्या नियमात कुत्र्याचा पहिला चावा मालकाला माफ असे.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने दुसरा रस्ता धरला. १९२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी १९२७ पासून त्यांनी नियम लावला : विमा असेल तरच गाडीची नोंदणी होईल. सक्तीचा मोटार विमा आणणारे हे अमेरिकेतले पहिले राज्य. याला सर्वांत कडवा विरोध कोणी केला असेल? विमा कंपन्यांनी. सरकार सक्ती करणार म्हणजे उद्या दरही सरकारच ठरवणार आणि वाईटातल्या वाईट चालकालाही आम्हाला दारात उभे करावे लागणार, अशी त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये दर सरकारी अधिकारी ठरवू लागला आणि विम्याचा हप्ता हा निवडणुकीतला मुद्दा झाला.

त्या कायद्याने ठरवलेली किमान रक्कम होती एका माणसाच्या इजेसाठी ५,००० डॉलर आणि एका अपघातासाठी १०,०००. मालमत्तेच्या नुकसानीची सक्ती त्यात नव्हती. रक्कम ठरवताना दोन टोके सांभाळायची होती : जखमी माणसाच्या पदरी काहीतरी पडले पाहिजे आणि तीनशे डॉलरांची फोर्ड घेणाऱ्या कामगाराला हप्ता परवडला पाहिजे. किमान आकडा हा पहिल्यापासूनच असा तडजोडीचा आकडा आहे. जखमेला किती लागेल यावरून तो निघालेला नाही.

आता थोडे गणित. १९२७ चे ५,००० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे सुमारे ९०,०००. त्याच मॅसॅच्युसेट्सने १ जुलै २०२५ पासून आपली किमान रक्कम वाढवून किती केली? एका माणसासाठी २५,०००. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनंतर, ‘वाढ’ झाल्यावरही, जखमी माणसाला कायद्याने मिळणारे संरक्षण १९२७ च्या मानाने पाव हिश्शाच्या थोडेच वर आहे. आणि इस्पितळाचा खर्च महागाईच्या कितीतरी पुढे धावला आहे, तो हिशेब यात धरलेलाच नाही.

पुण्यातली ‘थर्ड पार्टी’

इथे आपल्या मंडळींची एक खास अडचण सांगायला हवी. आपण मोटार विम्याची भाषा भारतात शिकलो. ‘थर्ड पार्टी’ आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हे दोन शब्द आपल्या कानात बसलेले आहेत. पुण्यात स्कूटर घेतली तेव्हा थर्ड पार्टी होती, काम भागले. इथे ‘लायबिलिटी’ म्हणजे तीच थर्ड पार्टी, असे भाषांतर मनात होते आणि विषय संपतो. शब्दाचे भाषांतर बरोबर आहे. पण त्यामागचा कायदा वेगळा आहे.

ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा केला. भारताचा १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच वळणाचा, आणि विम्याची सक्ती प्रत्यक्षात १९४६ पासून लागू झाली. खासगी मोटारीच्या बाबतीत त्या कायद्याने इजा वा मृत्यूच्या भरपाईला ठरावीक रकमेची मर्यादा घातली नाही. जेवढी जबाबदारी येईल तेवढी विम्याने उचलायची. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली आणि १९८८ च्या कायद्यानेही इजा-मृत्यूच्या भरपाईला अशी मर्यादा न ठेवण्याचे तत्त्व पुढे चालवले. मर्यादा होती ती मालमत्तेच्या नुकसानीला.

म्हणजे पुण्यात ‘नुसती थर्ड पार्टी’ घेणारा माणूस स्वतःच्या गाडीपुरता उघडा असे. पण रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर परवाना वगैरे अटी पाळल्या असल्या की न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम विमा कंपनी भरे. न्यू जर्सीत ‘नुसती लायबिलिटी’ घेणारा माणूस स्वतःच्या गाडीपुरता तर उघडा आहेच, शिवाय तिसऱ्या माणसाच्या बाबतीतही पॉलिसीवरच्या आकड्यानंतर उघडा आहे. तिकडे त्या छत्रीला टोक नव्हते. इकडे छत्री किती मोठी हवी हे आपणच सांगायचे असते, आणि न सांगितल्यास सर्वांत लहान मिळते.

चूक कोणाची, पैसे कोणाचे

मॅसॅच्युसेट्सच्या मागे लगेच बाकीची राज्ये गेली असतील, असे वाटेल. तसे झाले नाही. पुढची तीस वर्षे ते एकटेच राहिले. न्यू यॉर्कने १९५६ मध्ये आणि नॉर्थ कॅरोलायनाने १९५७ मध्ये सक्तीचा कायदा केला तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. दरम्यान १९३२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित एका समितीने मोठा अहवाल दिला होता. कारखान्यातल्या अपघातात कामगाराला जशी चूक कोणाची हे न पाहता भरपाई मिळते, तशीच रस्त्यावरही मिळावी, अशी त्याची शिफारस होती. अमेरिकेतल्या एकाही राज्याने ती तेव्हा उचलली नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानने १९४६ मध्ये त्या वाटेने पाऊल टाकले.

विमा नसलेल्यांचे काय करायचे, या प्रश्नावर १९५० च्या दशकात एक वेगळी तोड निघाली. दुसऱ्याकडे विमा नसेल तर माझ्या नुकसानीची भरपाई माझ्याच कंपनीने द्यावी, असा भाग आपल्याच पॉलिसीत घालायचा. हा भाग प्रत्येक पॉलिसीत असलाच पाहिजे, असा कायदा करणारे पहिले राज्य न्यू हॅम्पशायर, १९५७ मध्ये. गंमत अशी की ज्या राज्याने आजही सर्वांवर विम्याची सक्ती केलेली नाही, त्यानेच विमा घेणाऱ्याला विमा न घेणाऱ्यापासून वाचवण्याची ही युक्ती कायद्यात आणली.

१९६५ मध्ये रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओ'कॉनेल या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी जुना विचार नव्याने मांडला. चूक ठरवण्यात वर्षे जातात, वकिलांचे खर्च होतात आणि जखमी माणूस ताटकळत राहतो. त्यापेक्षा औषधपाण्याचा खर्च ज्याचा त्याने आपापल्या विमा कंपनीकडून घ्यावा आणि त्या बदल्यात किरकोळ इजांसाठी एकमेकांना कोर्टात खेचणे सोडावे. हीच ‘नो-फॉल्ट’ पद्धत. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १ जानेवारी १९७१ पासून आली आणि न्यू जर्सीत १ जानेवारी १९७३ पासून. त्याच दिवसापासून आपल्याकडे विमा सक्तीचा झाला आणि पंधरा-तीस-पाच हे आकडे कायद्यात बसले.

आपल्या पॉलिसीत ‘पीआयपी’ म्हणून जी ओळ असते ती या नो-फॉल्टची. सुरुवातीला न्यू जर्सीत तिला वरची मर्यादाच नव्हती. उपचाराला लागेल तेवढा खर्च कंपनी देई. १९९० मध्ये ती २,५०,००० डॉलरांवर आणली गेली आणि १९९८ च्या कायद्याने आणखी खाली, थेट १५,००० पर्यंत उतरायची मुभा दिली. कोर्टात जाण्याच्या हक्काचा प्रश्नही असाच पॉलिसीवरच्या खुणेवर आला. १९८८ च्या कायद्याने ग्राहकाला दोन पर्याय दिले : हप्ता कमी हवा असेल, तर ठरावीक गंभीर इजा वगळता वेदना आणि त्रासाबद्दल दावा लावण्याचा हक्क सोडा. हक्क ठेवायचा असेल, तर जास्त हप्ता भरा. ग्राहकाने काहीच निवडले नाही, तर हक्क सोडला असे धरले जाते. इतका मोठा हक्क एका चौकोनात असतो, आणि तो चौकोन आपल्यापैकी बहुतेकांनी फोनवर ‘यस, यस’ म्हणता म्हणता भरलेला असतो.

आकडा का हलला नाही

१९७३ ते २०२२ या काळात सर्वसाधारण किमती साडेसहा पटींच्या आसपास वाढल्या. १९७३ चे १५,००० डॉलर २०२२ मध्ये लाखाच्या घरात गेले असते. तरी आकडा जागचा हलला नाही. हे केवळ विसरण्यातून झाले नाही.

न्यू जर्सीचा विमा हप्ता हा इथल्या राजकारणातला दुखरा दात होता. ज्यांना कोणी विमा देत नाही अशा चालकांसाठी १९८३ मध्ये एक सामाईक यंत्रणा उभी केली गेली. काही वर्षांतच तिची तूट तीन अब्ज डॉलरांच्या वर गेली आणि तिचा बोजा सगळ्या चालकांवर आला. १९८९ मध्ये जिम फ्लोरिओ गव्हर्नर म्हणून निवडून आले, त्या प्रचारातला एक मोठा मुद्दा गाडीच्या विम्याचा होता. अशा वातावरणात किमान रक्कम वाढवा, म्हणजेच सर्वांत गरीब चालकाचा हप्ता वाढवा, असे कोण म्हणणार?

उलट १९९८ मध्ये ‘बेसिक पॉलिसी’ नावाचा आणखी स्वस्त प्रकार आला. तिच्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी ५,००० डॉलर. आणि दुसऱ्या माणसाच्या इजेसाठी? काही नाही. मुद्दाम मागितले तर सगळ्यांना मिळून १०,०००. ही सोय ज्यांच्याकडे गमावण्यासारखे काही नाही आणि ज्यांचा विम्याशिवाय गाडी चालवण्याचा संभव होता, त्यांच्यासाठी होती. तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण एडिसनमध्ये स्वतःचे घर असलेल्या कुटुंबाने ती घेतली, तर ते दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून फिरण्यासारखे आहे.

शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये गव्हर्नर मर्फी यांची सही झाली. १ जानेवारी २०२३ पासून आकडे २५/५०/२५ झाले आणि १ जानेवारी २०२६ पासूनचा टप्पा ३५/७०/२५ असा ठरला. कॅलिफोर्नियातही हीच कथा : १९६७ पासूनचे १५/३०/५ तिथे १ जानेवारी २०२५ रोजी ३०/६०/१५ झाले. नवे आकडे जुन्यांपेक्षा बरे आहेत. पण ३५,००० डॉलरांत मोडलेले हाड, एक शस्त्रक्रिया आणि काही महिन्यांची बुडालेली कमाई बसेल का, हे इस्पितळाचे बिल पाहिलेल्या कोणालाही विचारा. नव्या गाडीची सरासरी किंमत आज ४५,००० च्या वर आहे. २५,००० मध्ये अशी एक गाडीही पुरती भरून निघत नाही.

मग पहिल्या गाडीला किती?

इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. या पॉलिसीला तीन मालक आहेत. कायदा मुख्यतः रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची थोडी काळजी करतो, म्हणून किमान लायबिलिटी मागतो. कर्ज देणारी बँक तिच्या तारणाची, म्हणजे गाडीची काळजी करते, म्हणून कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह मागते. तिसरे मालक आपण : आपले घर, बचत, पगार आणि गाडीत बसलेले आपले मूल. त्याची काळजी घ्या असे आपल्याला कोणी बजावत नाही. म्हणून जुनी गाडी रोखीने घेतली, की बँकेचा प्रश्न मिटतो, कायद्याचा किमान आकड्याने मिटतो, आणि आपला प्रश्न कोणी विचारतच नाही.

त्यात चालक नवा. सोळा ते एकोणीस वयाच्या चालकांचे प्राणघातक अपघात, चाललेल्या मैलांच्या प्रमाणात, वीस आणि त्यावरील वयाच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट असतात. म्हणजे घरातली सर्वांत स्वस्त गाडी सर्वांत नवख्या हाती असते, आणि गाडी स्वस्त म्हणून तिलाच आपण सर्वांत लहान आकडा लावतो. हा उलटा हिशेब सरळ करायचा, तर क्रम असा धरावा.

पहिली ओळ लायबिलिटीची. ही गाडीच्या किमतीवरून ठरवू नका, आपल्याकडे काय आहे आणि पुढे काय मिळवायचे आहे त्यावरून ठरवा. घर, बचत असलेल्या कुटुंबाने १००/३०० च्या खाली राहू नये आणि जमल्यास २५०/५०० घ्यावे, मालमत्तेसाठी १०० असावे, असे माझे मत. आकडा दुप्पट केला म्हणून हप्ता दुप्पट होत नाही. लहान अपघात पुष्कळ, मोठे विरळा. त्यामुळे विम्याचा पहिला थर महाग असतो आणि वरचे थर त्या मानाने स्वस्त. एजंटकडून दोन-तीन पातळ्यांचे दर लेखी मागवा, फरक स्वतःच पाहा. त्याच्याही वर दहा लाख डॉलरांची अंब्रेला पॉलिसी घेता येते. तिच्यासाठी कंपन्या साधारणपणे खाली २५०/५०० असण्याची अट घालतात.

दुसरी ओळ विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या चालकाची. ही आपल्या मुलासाठी आहे. न्यू जर्सीत ही रक्कम आपल्या लायबिलिटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे दुसऱ्यासाठी कंजुषी केली, की ती आपोआप स्वतःसाठीही होते. शिवाय समोरच्याची मर्यादा आपल्या या रकमेपेक्षा कमी असेल, तरच त्याचा विमा ‘अपुरा’ ठरतो. दोघांचेही आकडे किमान असले, तर या ओळीतून हाती शून्य येते.

तिसरी ओळ पीआयपीची. १५,००० चा पर्याय दिसायला मोहक आहे. २,५०,००० हा मूळ आकडा सोडू नका. आपला आरोग्य विमा अपघाताचा खर्च आधी उचलतो का, हे त्या कंपनीला विचारल्याशिवाय त्याला पुढे करण्याचा पर्यायही निवडू नका. दावा लावण्याच्या हक्काचा चौकोन फोनवर नव्हे, कागदावर वाचून भरा. आपली निवड सहसा घरातल्या मुलांनाही लागू होते.

काटकसर करायची ती चौथ्या ओळीत, गाडीच्या स्वतःच्या विम्यात. गाडी ४,००० डॉलरांची, डिडक्टिबल १,०००, म्हणजे गाडी पुरती गेली तरी हाती ३,०००. त्यासाठी कोलिजनचा हप्ता वर्षाला सहाशे-सातशे येत असेल, तर चार-पाच वर्षांत ते पैसे आपणच भरले. कर्ज नसेल, तर ही ओळ सोडावी किंवा डिडक्टिबल वाढवावे आणि वाचलेले पैसे पहिल्या ओळीत घालावेत. चांगल्या गुणांची किंवा ड्रायव्हिंगच्या शिक्षणाची सवलत आहे का, हेही विचारून घ्यावे.

शेवटचे, गाडी कोणाच्या नावावर आणि कोणाच्या पॉलिसीत, हे हप्त्याच्या मोहाने ठरवू नये. मुलाची वेगळी किमान पॉलिसी काढली, की आपल्या मोठ्या आकड्यांचा आधार त्या गाडीला मिळेलच असे नाही. घरातला चालक कंपनीपासून लपवणे तर सर्वांत महाग. नेमका दावा करायच्या दिवशी ते बाहेर येते.

पॉलिसीच्या नूतनीकरणाचा कागद येतो तेव्हा पहिले पान मुलासमोर ठेवा आणि प्रत्येक ओळ कोणासाठी आहे ते त्याला विचारा. १९२७ मधल्या त्या जखमी माणसाच्या हाती कोरा हुकूमनामा का राहिला, हे त्याला सांगा. गाडीची किल्ली आपण त्याच्या हाती देतो ती ‘आता तू मोठा झालास’ म्हणून. मोठा झालास म्हणजे तुझ्या हातून दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते आणि ते भरून देण्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते, हा त्यातला धडा त्या तीन आकड्यांत आहे.